इंटिग्रेटेड कोर्सच्या जाहिरातीत मधे बाहेर पडायचा दरवाजाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या बारावीनंतर काय या पुरवणीत कॉम्प्युटर सायन्सचं पान वाचलं. बीटेक, बीसीएस, बीसीए सगळ्यांवर भरपूर लिहिलंय पण पाच वर्षांच्या इंटिग्रेटेड मास्टर्सबद्दल फक्त दोन ओळी, आणि त्यातली एक "एक वर्ष वाचते" अशी. मी स्वतः असा कोर्स केलाय, २०१४ ला बारावी झाली आणि तेव्हाच इंटिग्रेटेड एमटेकला लागले ते २०१९ ला बाहेर पडले, त्यामुळे त्या दोन ओळी वाचून गप्प बसवेना. यंदा माझा मावसभाऊ बारावी झालाय, घरी रोज हाच विषय चाललाय, आणि मला फोनवर जे पन्नास वेळा सांगावं लागलं ते एकदा लिहून काढते म्हटलं. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

आधी एक घोळ मिटवते कारण माझ्या मावशीचाही तोच झाला होता. आपल्याकडे इंटिग्रेटेड म्हटलं की लोकांना अकरावी-बारावीचं क्लासवालं इंटिग्रेटेड आठवतं, म्हणजे कॉलेज एकीकडे नावाला आणि जेईई-नीटचा क्लास खरा, ते. मी त्याबद्दल बोलत नाहीये. दुसरं एक असतं दहावीनंतर सहा वर्षांचं, तेही वेगळं. मी बोलतेय ते बारावीनंतर सलग पाच वर्षं आणि शेवटी हातात थेट मास्टर्सची डिग्री, एमटेक किंवा एमएस्सी किंवा एमसीए. आयआयआयटी बेंगळुरूमध्ये २०१२ पासून पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमटेक आहे, कोइंबतूरच्या पीएसजी टेकमध्ये पाच वर्षांची एमएस्सी आहे सॉफ्टवेअर सिस्टिम्स आणि थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्सची, आयआयआयटी हैदराबादला बीटेक आणि रिसर्चचं एमएस एकत्र असं ड्युअल डिग्री आहे. आपल्याकडेही सीईटी सेलच्या बीसीए-बीबीएच्या परीक्षेत आता एमसीए इंटिग्रेटेड आहे. (मी वर लिहिलेल्यांपैकी कुठल्याच ठिकाणी शिकलेले नाही, माझी संस्था वेगळी आणि तिचं नाव मी लिहिणार नाही.)

आता ते एक वर्ष वाचण्याचं. हे अर्धंच खरंय. बीटेक चार आणि एमटेक दोन मिळून सहा, तिथे इंटिग्रेटेड एमटेक पाचात होतं म्हणजे वाचलं एक वर्ष, बरोबर. पण बीएस्सी तीन आणि एमएस्सी दोन हे मुळात पाचच होतात, मग इंटिग्रेटेड एमएस्सीमध्ये काय वाचलं? काहीच नाही. एमसीएचंही तसंच, पूर्वी एमसीए तीन वर्षांचं होतं तेव्हा फरक पडायचा, २०२०-२१ पासून ते दोन वर्षांचं झालं, म्हणजे बीसीए तीन अधिक एमसीए दोन पाचच. आणि आता नवीन शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स केली तर पुढे मास्टर्स एका वर्षात होतं, म्हणजे तेही पाच. तर बाबांनो वर्ष वाचतं म्हणून इंटिग्रेटेड घेऊ नका, आधी ते एमटेक आहे का एमएस्सी ते बघा. आणि हे नुसतं नावापुरतं नाही. पुढे इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर एआयसीटीईच्या, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, नियमात इंटिग्रेटेड एमटेक चालतं, एमएस्सी करून मात्र सायन्स कॉलेजची वाट, नेट नाहीतर आपली सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा देऊन.

मग मिळतं काय, तर सलगपणा. माझी रूममेट नंतर भेटली ती बीसीएस करून एमएस्सीला गेलेली, तिने डेटा स्ट्रक्चर दोनदा शिकलं, डीबीएमएस दोनदा, ऑपरेटिंग सिस्टिम दोनदा. यात तिच्या शिक्षकांची चूक नाही, एमएस्सीच्या वर्गात दहा कॉलेजांतून पोरं येतात, कुणाला पॉइंटर येतात कुणाला नाही, त्यांना पहिली दोन सेमिस्टर सगळ्यांना एका पातळीवर आणण्यातच घालवावी लागतात. आमच्याकडे पहिल्या दोन वर्षांत नुसतं गणित होतं असं वाटायचं, डिस्क्रीट मॅथ्स, लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, मी घरी फोन करून रडायचे की मी कॉम्प्युटर शिकायला आलेय का गणित. पण शिकवणाऱ्यांना माहीत होतं की हीच पोरं तिसऱ्या वर्षी कंपायलर करणार आहेत आणि चौथ्या वर्षी त्यांच्यासमोर डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स येणार आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी रुजवलेलं चौथ्या वर्षी उगवलं.

आणि मग पाचवं वर्ष. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण याबद्दल कुणी बोलतच नाही, सगळे प्लेसमेंटचं विचारतात.

पाचव्या वर्षी आम्हाला क्लास जवळपास नव्हते, दोन सेमिस्टर फक्त थीसिस. मी विषय घेतला मराठी मजकुरातलं सर्च. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही "घर" शोधलंत तर "घरासमोरच्यांनासुद्धा" हा शब्द सापडायला पाहिजे ना, कारण त्यात घर आहे. इंग्रजीत शेवटचं एखादं अक्षर काढलं की बरंचसं भागतं, आपल्याकडे सामान्यरूप आहे, शब्द आतून बदलतो. "देवळात" मधला "त" काढला की "देवळा" उरतं, ते देऊळ आहे हे मशीनला कोण सांगणार? "भाताला" म्हणजे भात आणि "भात्याला" म्हणजे लोहाराचा भाता. मी पहिले चार महिने नुसते प्रत्यय कापायचे नियम लिहित बसले, एक नियम दुरुस्त केला की दुसरीकडे दोन शब्द मोडायचे. शेवटी आमचे सर म्हणाले की हे सगळं बाजूला ठेव, आधी शब्दांची यादी घे आणि प्रत्येकाची रूपं तयार करून उलट्या बाजूने शोध. चार महिन्यांचं काम गेलं. पण मला ते गेलेलं वाटत नाही, कारण चुकीच्या वाटेवर चार महिने चालल्याशिवाय ती चुकीची का आहे हे मला कळलंच नसतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं मराठी वर्डनेट, म्हणजे अर्थांनी एकमेकांना जोडलेल्या शब्दांचा कोश, तेव्हा मी पहिल्यांदा उघडून बघितलं आणि आपल्या भाषेवर एवढी माणसं इतकी वर्षं काम करतायत हे बघून भरून आलं.

आणि त्यातच एक गोष्ट सापडली जी मी आजही प्रत्येकाला सांगते. शाळेत आपल्याला शिकवतात ना, आचार्याला म्हणजे गुरूला आणि आचाऱ्याला म्हणजे स्वयंपाक्याला, एका चिन्हाने अर्थ बदलतो. तर तो आचाऱ्यातला ऱ्य कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवला जातो. एका कीबोर्डवर तो नुक्त्याचा ऱ, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य असा जातो, आणि दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला, आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. मशीनसाठी ते दोन वेगळे शब्द. म्हणजे एकाने "दुसऱ्या" एका पद्धतीने टाइप केलं आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडणारच नाही, आणि तुम्हाला वाटेल की ती माहितीच नाहीये. माझ्या जमवलेल्या मजकुरात असे शब्द इतके निघाले की मी दोन दिवस तेच मोजत होते. याचं उत्तर सोपंय, सर्चच्या आधी दोन्ही रूपं एक करून घ्यायची, पण प्रश्न दिसायलाच वेळ लागतो. चार वर्षांच्या कोर्समधे शेवटच्या वर्षी चार जणांत मिळून एक प्रोजेक्ट असतो, सोबत प्लेसमेंटची धावपळ, त्यात असं काही सापडायला उसंत कुठली? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी पेढ्यांचे फोटो टाकले, मलाही आनंद झाला, आणि मला वाटलं की आता अशा थीसिस करणारी पोरं दरवर्षी पाचपन्नास तरी निघाली पाहिजेत, कारण हे काम बाहेरून कुणी येऊन करणार नाही.

हे झालं चांगलं. आता ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं ते.

माझ्या वर्गात लातूरकडचा एक मुलगा होता. आम्ही दोघंच मराठी त्यामुळे पहिल्या दिवसापासून घट्ट मैत्री, माझ्यापेक्षा हुशार, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचा पेपर आम्हा सगळ्यांना त्यानेच शिकवला म्हटलं तरी चालेल. डिसेंबर २०१७ मध्ये सातवं सेमिस्टर संपलं आणि त्याच्या वडलांना लकवा मारला. घरी कमावणारं दुसरं कुणी नाही, लहान बहीण, थोडी कोरडवाहू जमीन. तो घरी गेला तो परत आलाच नाही. सहा महिन्यांनी संस्थेला पत्र लिहिलं की माझी साडेतीन वर्षं झालीत, मला निदान बॅचलरची काहीतरी डिग्री द्या, तर उत्तर आलं की आमचा कोर्स इंटिग्रेटेड आहे, त्यात मधली डिग्री नाही, तुम्हाला सात मार्कशीट मिळतील. सात मार्कशीट! साडेतीन वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकलेला मुलगा, कागदावर बारावी पास. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा तर पदवी लागते, एमपीएससीला पदवी लागते, तलाठी व्हायचं तरी पदवी लागते, आणि कंपन्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पदवीचं वर्ष टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. शेजारच्या गावातला जो मुलगा साधं बीए करून बसला होता तो याच्यापुढे निघून गेला.

मी त्यात संस्थेला शिव्या देत बसत नाही, माहितीपत्रकात ते लिहिलेलं होतं, आम्ही नंतर शोधलं तर मागच्या बाजूला एक ओळ सापडली की मधे सोडल्यास पदवी दिली जाणार नाही. पण सतरा वर्षांच्या मुलाने आणि अडत दुकानात दिवाणजी असलेल्या माझ्या बापाने किंवा कोरडवाहू शेती करणाऱ्या त्याच्या बापाने ती ओळ वाचून काय करायचं होतं? सतराव्या वर्षी पाच वर्षांची सही करतो आपण. पाच वर्षांत घरात काहीही होऊ शकतं. पैसेवाल्या घरात झालं तर पोरगं एक सेमिस्टर गॅप घेऊन परत येतं, आमच्यासारख्या घरात झालं तर परत येत नाही. म्हणजे हा मधला दरवाजा नसण्याचा सगळा भार त्याच घरांवर पडतो जिथे मुळात पहिलं पोरगं शिकायला बाहेर पडलेलं असतं.

हे असंच असायला पाहिजे असंही नाही. ऑक्सफर्डमध्ये कॉम्प्युटर सायन्सला चार वर्षांचा इंटिग्रेटेड मास्टर्स आहे, तिथे तीन वर्षांनी बीए घेऊन बाहेर पडता येतं आणि ज्याला पुढे जायचंय त्याने चांगले मार्क मिळवून चौथं वर्ष करायचं. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी हेच. आपल्या २०२० च्या धोरणातही लिहिलंय की एक वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स, आणि २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली जिथे मिळवलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहतात. माझ्या मित्राला यातलं काही मिळालं नाही, त्याचं वर्ष आधीचं. पण आता प्रवेश घेणाऱ्यांना मिळू शकतं, फक्त धोरणात लिहिलंय म्हणून आपल्या कोर्सला लागू आहेच असं धरून चालू नका. कागदावर मागा. तीन वर्षांनी बाहेर पडलो तर बीएस्सी मिळणार का, चार वर्षांनी पडलो तर बीटेक मिळणार का का नुसतं बीएस्सी ऑनर्स, ते नाव काय असणार, आणि शेवटी डिग्री एक मिळणार का दोन. हे शेवटचंही महत्त्वाचं आहे, मला एकच मिळाली आणि पहिल्या नोकरीच्या वेळी एचआरने तीनदा मेल केला की तुमचं बॅचलरचं सर्टिफिकेट पाठवा, नाहीये हे पटवून द्यायला विद्यापीठाचं पत्र आणावं लागलं.

पैशाचंही बोलते कारण ते कुणी बोलत नाही. जो मुलगा बीटेक करून गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देतो आणि एमटेकला लागतो त्याला महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, दोन वर्षांचे होतात २,९७,६००. इंटिग्रेटेडवाला त्या काळात बहुतेक ठिकाणी उलट फी भरत असतो, काही संस्था शेवटच्या वर्षी देतात, त्यामुळे तेही आधी विचारा. आणि मुलींच्या बाबतीत अजून एक, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ती राज्यातल्या कॉलेजात कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, प्रवेश घेतला तर, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती नाही आणि राज्याबाहेर गेलात तरी नाही. आपल्याकडच्या चांगल्या इंटिग्रेटेड जागा बघितल्या तर बऱ्याचशा नेमक्या तिथेच आहेत. म्हणजे बार्शीच्या मुलीला फीमाफी हवी असेल तर चार वर्षांचं बीटेक, आणि सलग पाच वर्षं शिकायचं असेल तर कर्ज. माझ्या वडलांनी कर्ज काढलं. पाच वर्षं त्याचं व्याज चढत राहिलं आणि मला पहिली तीन वर्षं पगारातून तेच फेडावं लागलं.

म्हणून माझं सरकारी विद्यापीठांकडेही एक मागणं आहे. ज्या पुण्यात १९९१ मध्ये सी-डॅक या सरकारी संस्थेने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला त्या राज्यात सरकारी विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांमध्ये पाच वर्षांचं, गणितावर उभं असलेलं, शेवटी पूर्ण वर्षाची थीसिस असलेलं कॉम्प्युटर सायन्स सुरू करायला काय हरकत आहे? शिक्षक भरावे लागतील हे मला कळतं, रिकाम्या जागा आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेऊन थीसिस होत नाही, थीसिसला रोज भेटणारा माणूस लागतो. माझे सर चार महिने माझे चुकीचे नियम वाचत होते, दर आठवड्याला, न चुकता. पण एका विद्यापीठात तीस पोरांपासून सुरुवात केली तरी चालेल.

माझ्या मावसभावाला मी सांगितलंय की तुला गणित आवडत असेल आणि एका प्रश्नावर वर्षभर बसायची तयारी असेल तर जा, नसेल तर बीटेक कर आणि नंतर वाटलं तर गेट आहेच, तिसऱ्या वर्षापासून देता येते. त्याच्या यादीत तीन कोर्स होते, आम्ही तिन्ही ठिकाणी मेल केला की मधे सोडलं तर काय मिळतं. एकाने दोन दिवसांत नियमाची प्रतच पाठवली, दुसऱ्याने लिहिलं की नवीन धोरणाप्रमाणे होईल पण डिग्रीचं नाव काय ते सांगितलं नाही, तिसऱ्याचं अजून उत्तर नाही. तिसरा आम्ही यादीतून काढला.

माझा मित्र आता मुक्त विद्यापीठातून बीए करतोय, दिवसा बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, तिसरं वर्ष चालू आहे. हे पत्र पाठवायच्या आधी मी त्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला माझं नाव नको पण बाकी सगळं लिही.

संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत प्रत्येक कोर्सपुढे फी, जागा, पात्रता आणि प्रवेश परीक्षा असे रकाने आहेत. इंटिग्रेटेड कोर्सपुढे अजून एक रकाना वाढवा, किती वर्षांनी बाहेर पडता येतं आणि तेव्हा कुठली पदवी मिळते. संस्थांनी सांगितलं नाही तर तो रकाना रिकामा छापा, कॅपचे राऊंड सुरू व्हायच्या आधी.

आपली एक वाचक,
बार्शी, सध्या पुणे

(मित्राची ओळख पटू नये म्हणून माझंही नाव छापू नये ही विनंती.)